पासिंगपुरतं

हणमंतआबांच्या ट्रॉलीला मागच्या बाजूने चार रिफ्लेक्टर होते असं पंचनाम्यात लिहिलेलं आहे, आणि खाली पंच म्हणून माझी सही आहे. ते चारही रिफ्लेक्टर मी त्याच दिवशी उजाडता उजाडता बसवले होते, दाजी, म्हणजे ताईचे यजमान, गेल्यानंतर. हे वाक्य मी आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, देवापुढे म्हटलं नाही, ताप चढल्यावर बडबडतो तेव्हाही बहुधा सुटलं नसावं, नाहीतर घरात आजवर काहीतरी झालं असतं. बाकीचं सगळं या एका वाक्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं आहे. ते जमेल तसं लिहितो.

आमचं घर रस्त्याला होतं असं म्हणायची पद्धत होती, पण रस्त्याला होतं ते आण्णांचं शेड. घर त्याच्या पाठीमागे, शेडाच्या सावलीत. आण्णा म्हणजे माझे वडील ट्रॉल्या बांधायचे. उसाच्या हंगामाआधी तीन-चार महिने आमच्या अंगणात माणसापेक्षा लोखंड जास्त असे. सकाळी ग्राइंडर सुरू झाला की कोंबड्या परसात पळायच्या आणि तो थांबून घण सुरू झाला की आई तवा चुलीवर ठेवायची, कारण घणाचं काम संपलं की आण्णा जेवायला येणार हे ठरलेलं. वेल्डिंगचा चरचराट चालू असताना ताटं वाढायची नाहीत, तेव्हा आण्णांना हाक ऐकू जात नाही. पीठ मळताना परातीवर फडकं झाकायचं, तरी भाकरीत कधीमधी लोखंडाचा कीस यायचा. आई म्हणायची, रक्त वाढतंय खावा. जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथीची पातळ भाजी. हंगामात कुणीतरी गुऱ्हाळावरून काकवीची कळशी आणून द्यायचं, मग आठ दिवस आम्ही तिच्यातच बुडवून खायचो. त्या घरात मला कशाची कमी होती असं मी म्हणू शकत नाही. पुढे जे केलं त्याला गरिबीची सबब नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

मी बारावीला दोनदा आपटलो आणि मग आण्णांच्या ट्रॉल्या रंगवू लागलो. हात चांगला होता. मागच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या झाकणाच्या पत्र्यावर, मोर, कमळ, उगवता सूर्य, मालकाच्या आईचं नाव, पोरांची नावं. कुणाला वाघ पाहिजे असायचा, कुणाला खिलार बैलाची जोडी. पंचक्रोशीत लोक मला नावानं कमी आणि ‘पेंटर’ म्हणून जास्त ओळखायचे. वीस वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. रस्त्यानं आपली ट्रॉली जाताना दिसली की मी थांबून बघायचो आणि शेजारचा माणूस बघतोय का तेही बघायचो.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला माण तालुक्यात दिली होती, दहिवडीच्या पलीकडं. मेंढरांमागं पिढ्या गेलेलं घर, पण दाजी सैन्यात गेले आणि ड्रायव्हर झाले. सतरा वर्षं नोकरी करून ते बाहेर पडले तेव्हा ताईला दिवस गेले होते. गावाकडं पाण्याची बोंब, दवाखाना लांब. मिरजेत एका हॉस्पिटलात ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हरची जागा मिळाली, म्हणून तात्पुरते आमच्या पाठीमागच्या दोन खोल्यांत राहायला आले. तात्पुरतं म्हणता म्हणता राणीचं बारसं झालं, ती रांगू लागली. गावातली माणसं हॉटेलात बसून आण्णांना विचारायची, ‘‘आण्णा, जावई कायमचा पासिंगला लावलाय व्हय शेडात?’’ आण्णा कसंनुसं हसायचे. दाजी मात्र मनापासून हसत. म्हणायचे, ‘‘सासऱ्यानं टायर बदलून दिलं की निघतोच.’’

दाजींची मोटरसायकल पंजाबात घेतलेली होती, नंबरही तिकडचा. ती इकडं आपल्या नावावर, आपल्या जिल्ह्यात नोंदवून घ्यायची तर तिकडून ना-हरकत मागवायची, इथं कर भरायचा, गाडी दाखवायची. आमच्याकडं अशा कामाला एजंट धरतात, दोन दिवसांत कागद हातात. दाजींनी धरला नाही. सुट्टीच्या दिवशी सांगलीला चकरा मारल्या, चार की पाच. एकदा चेसिसवरचा नंबर कागद धरून पेन्सिलीनं घासून उमटवून न्यायचा होता. त्यासाठी ते सकाळभर गाडीखाली उताणे पडले होते, जुन्या टूथब्रशनं गंज घासत, आणि राणी त्यांच्या पोटावर बसलेली. आण्णा म्हणाले, त्यापेक्षा तो पंजाबी नंबर तसाच ठेवा की, कोण बघतंय? दाजी खालूनच म्हणाले, ‘‘कुणी बघतंय म्हणून न्हाई ओ आण्णा. गाडी कुणाची हाय ते गाडीवरनं कळाय पायजे.’’ नवा नंबर आला तेव्हा प्लेट मी रंगवली. नऊच्या शेपटीला मी छानसा वळसा दिला होता. दाजींनी फूटपट्टी आणून अक्षरं मोजली आणि तो वळसा पुसायला लावला. माझ्या मनात तेव्हाच एक बारीक काटा रुतला. एवढ्याशा गोष्टीचा राग माणूस किती वर्षं सांभाळू शकतो, ते मला आता माहीत आहे.

त्यांच्याकडं हेल्मेट होतं. आमच्या भागात त्या काळी हेल्मेट घालून कुणी दूध घालायला निघालं तर कुत्री मागं लागायची. ‘‘दाजी, डोस्क्यावर टाकी बसवली काय? पानी किती बसतंय?’’ असं पोरं विचारायची. मला लाज वाटायची. माझ्या मित्रांसमोरून ते गेले की मी दुसरीकडं बघायचो.

संध्याकाळी राणीला मांडीवर घेऊन ते बर्फातल्या गोष्टी सांगायचे. ताई हुलग्याचं माडगं करायची, त्यांच्या गावाकडचं, वाफाळतं, लसणाची फोडणी दिलेलं. आमच्या घरात ते आधी कुणी खात नव्हतं, मग आईही मागून घेऊ लागली. वरच्या चौकीवर त्यांनी एक चाकाशिवायची गाडी चालवली होती, स्नो-स्कूटर. पुढं घसरायला दोन पट्ट्या, मागं रबराचा पट्टा फिरतो. आण्णांना त्या गाडीचं भारी कौतुक. तिचा सांगाडा कसा, पट्ट्याला ताण कशाचा, हे ते शंभरदा विचारायचे. एकदा म्हणाले, आपल्याकडं पासिंगला नेली तर साहेब चाकं मोजतोय काय न्हाई बघा. दाजी हसले, पण सांगताना गंभीर झाले. त्या गाडीचंही रजिस्टर असतं, म्हणाले, निघायच्या आधी तपासणी, सही, किती वाजता निघाला, किती वाजता पोचणार. एकट्यानं जायचं नाही. पुढच्या गाडीच्या अंगावर जायचं नाही. आणि काही दिसेनासं झालं की जिथं आहे तिथं थांबायचं, मर्दुमकी करायची नाही. मी ऐकत असायचो आणि मनात म्हणायचो, याच्या बर्फाला इथं कोण विचारतंय.

नव्या ट्रॉल्या तपासून पास करायचा आरटीओचा कॅम्प तालुक्याला महिन्यातून एकदा लागायचा, विश्रामगृहाच्या मैदानात. कडुलिंबाखाली साहेबांची खुर्ची, समोर ओळीनं ट्रॉल्या. त्या वर्षी कॅम्पच्या आदल्या दिवशी आण्णांच्या लक्षात आलं की आठ ट्रॉल्या तयार आहेत आणि रिफ्लेक्टर तीनच ट्रॉल्यांचे. सांगलीच्या दुकानात माल संपलेला. फाळक्याखालच्या आडव्या पट्टीला आण्णांनी भोकं पाडून ठेवलेली, प्रत्येक ट्रॉलीला चार, नुसता रिफ्लेक्टर लावून मागून नट आवळायचा. आण्णा डोक्याला हात लावून बसले आणि मी म्हणालो, मी रंगवतो.

भोकं लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरून बुजवली, पॉलिश पेपरनं घासली. खाली रुपेरी ॲल्युमिनियम रंगाचा गोल, तो वाळल्यावर वर पातळ लाल. मग ओल्या लाल रंगात सुईनं मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी ओढली, खालची रुपेरी झाक दिसेल अशी. कडेला काळी रेघ, वर पांढरा ठिपका, प्रकाश पडल्यासारखा. पाच ट्रॉल्या, वीस गोल. दहा पावलांवरून आण्णांनाही ओळखू आले नाहीत. त्यांनी जवळ येऊन अंगठा फिरवला आणि पाठ थोपटली. साहेबांनी कॅम्पात खुर्चीवरून उठून ओळीवरून एक नजर टाकली, ब्रेक, दिवा, रिफ्लेक्टर, पुढं. आठही पास. पासिंगपुरतं केलंय, नंतर खरे लावू, असं आण्णा म्हणाले आणि मीही म्हणालो.

नंतर खरे लावले नाहीत, कारण लोकांना रंगवलेलेच आवडू लागले. हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. प्लास्टिकचा रिफ्लेक्टर उसाची मोळी घासून फुटतो, पोरं काढून सायकलला लावतात. हा फुटत नाही, निघत नाही आणि वर शोभा देतो. लोक मुद्दाम सांगायला लागले, पेंटर, रिफ्लेक्टर तुझ्या हातचेच दे. हणमंतआबांनी, म्हणजे आमच्या गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदारानं, दोन नव्या ट्रॉल्या बांधून घेतल्या तेव्हा चार माणसांत माझा दंड धरून म्हणाले, ‘‘आण्णा, पोराच्या हातात देव हाय. खऱ्यापरास खरं करतंय.’’ त्या वाक्यावर मी महिनाभर तरंगत होतो.

दाजींना ते दिसलं तेव्हा हंगाम तोंडावर आला होता. शेडासमोर आबांची ट्रॉली उभी होती, दिवस नुकताच मावळलेला. ते कामावरून आले, हेल्मेट काढलं आणि त्या पट्टीसमोर उकिडवे बसले. मला वाटलं कौतुक करतायत. त्यांनी मला बोलावलं, गाडी चाळीसेक पावलं मागं नेली आणि हेडलाइट लावला.

‘‘काय दिसतंय?’’

‘‘कायबी न्हाई.’’

‘‘मग हे कशाला काडलंस?’’

मी म्हणालो, दिवसा चांगलं दिसतं.

‘‘दिवसा ट्रॉलीच दिसती की रं. रातच्यासाठीच असतंय ते. दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतो तेवढाच दुसऱ्यानं आपल्याला बघावं म्हणूनबी असतो. किती ट्रॉल्यांवर काडलंयस?’’

‘‘अकरा.’’

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. घरात जाऊन त्यांनी राणीच्या औषधाच्या चिठ्ठीमागं मला अकरा ट्रॉल्यांच्या मालकांची नावं लिहायला लावली आणि म्हणाले, ह्या हंगामाच्या आत सगळ्यांकडं जायचं, खरे बसवायचे, सांगलीवरनं मी आणतो. आणलेही, पत्र्याच्या डब्यात भरून. आण्णा जेवता जेवता म्हणाले, ‘‘पासिंग झालंय न्हवं? सायबाला चाललं ते तुमाला का चालंना?’’ आणि मग थोडं खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘‘घरातलं धंद्यातलं आमी बघतो.’’ दाजींनी ताटातली भाकरी संपवली, ताट उचललं, स्वतः विसळलं. ताई माझ्याकडं बघत होती. मी आमटी ओरपत होतो.

मी दोघांकडं गेलो. दोघांनी बसवून घेतले. तिसरे हणमंतआबा. त्यांच्या दारात मी सायकलवरून तीनदा गेलो आणि तीनदा तसाच पुढं गेलो. खऱ्यापरास खरं म्हणणाऱ्या माणसाला, ते खोटं आहे हो, असं सांगायला माझी जीभ वळेना. दाजींनी आठवड्यानं विचारलं, झालं का? मी म्हणालो, झालं. अकराच्या अकरा? मी म्हणालो, व्हय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढची सगळी वर्षं मी तो हात उतरवायचा प्रयत्न करतोय.

दाजी गेले त्या दिवशी ताईची सासू, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, एसटीनं दहिवडीहून यायच्या होत्या, नातीला बघायला. सकाळी दाजी गाडीला किक मारत असताना ताई दारात आली. ‘‘आज तरी लवकर या. आत्याबाई येनार हायत.’’ एवढंच. आईनं ऐकलं, मी ऐकलं, आण्णांनी ऐकलं. दाजींनी हेल्मेटच्या आतून मान हलवली.

आत्याबाई दुपारी आल्या, पाठीवर हुलग्याचं गाठोडं घेऊन. संध्याकाळ कलली. आई भाकऱ्या थापत होती, ताई पुरणाचा गोळा घाटत होती, मी शेडात एका फाळक्यावर कमळ काढत होतो. आबांचा ट्रॅक्टरवाला चालत आला. कॅनॉलच्या वळणावर ट्रॉलीचं बेअरिंग गेलंय, ऊस भरलेला आहे, जॅक पाहिजे. जॅक मीच उचलून दिला. ‘‘मागं दगड लावलेत का?’’ मी विचारलं. तो म्हणाला, जाऊन लावतो की. मला माहीत होतं ती कुठली ट्रॉली. दाजींची यायची वेळ मला माहीत होती. शेडात कंदील होता, बॅटरी होती, सायकल होती, आणि तो डबा तिथंच फळीवर होता. मी कमळाच्या तीन पाकळ्या पूर्ण केल्या. रंग ओला होता, सोडला तर सुकला असता. हे कारण लिहिताना मला स्वतःची किळस येते, पण दुसरं कारण नव्हतं.

दाजींना त्या वळणावरून हणमंतआबांच्याच जीपमधून मिरजेला नेलं, बरोबर आण्णा आणि मी. पुढून ट्रकचा झोत डोळ्यांवर आला असणार आणि झोत गेल्यावर समोर एकदम ट्रॉली. छातीला लागलं होतं. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. मिरजेच्या अलीकडंच ते गेले. हॉस्पिटलच्या दारात त्यांना ज्यांनी खाली घेतलं ती त्यांच्याच ॲम्ब्युलन्सवरची माणसं होती. त्यातल्या एकानं सवयीनं नाव विचारलं आणि मग चेहरा बघितला.

आण्णा तिथंच थांबले. मला घरी कळवायला आबांच्या जीपमधून परत पाठवलं, आबा स्वतः चालवत होते. पूर्वेला तांबडं फुटत होतं. गाव जवळ आल्यावर त्यांनी जीप बाजूला घेतली. त्यांचे डोळे लाल होते, ते रडले होते, खरोखर रडले होते. तो माणूस वाईट होता असं मला म्हणता येत नाही.

‘‘पेंटर, गेलेला मानूस काय केल्यानं परत येत न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘आट वाजता पंचनामा हाय. मागचं रंगवलेलं बघितलं तर मला इचारत्याल कुनी रंगवलं. मी काय सांगू? तुझ्या बापाचं शेड जाईल. तू आत जाशील. तुझ्या भनीनं नवरा गमावला, आता भाऊबी गमावू दे काय? घरात खरं रिफ्लेक्टर हायत का?’’

मी म्हणालो, हायत.

शेडात मागून शिरलो, म्हणजे घरातून कुणाला दिसू नये. घरात अजून कुणाला नक्की काही माहीत नव्हतं, चूल पेटलेली होती, आत्याबाईंचा राणीशी बोलायचा आवाज येत होता. डब्यातून चार रिफ्लेक्टर घेतले, स्क्रूड्रायव्हर, पाना. ट्रॉली वळणावरच होती, राखणीला बसवलेल्या माणसाला आबांनी चहाला नेलं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं लांबी आत ढकलली, आण्णांनी पाडलेली भोकं मोकळी झाली. रंगवलेल्या गोलावर खरा गोल तंतोतंत बसला, मापात तसूभर फरक नव्हता. मागून नट आवळले, नव्या प्लास्टिकवर मूठभर धूळ चोळली. रस्त्यावर दाजींच्या गाडीच्या काचा पडल्या होत्या, त्यांच्यावरून पाय न देता मी काम केलं. माझा हात चांगलाच होता.

आणि मग घरी जाऊन मी ताईला सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. तेवढं तिचं आहे.

आठ वाजता पोलीस आले. मोजमाप झालं. जमादार मोठ्यानं सांगत होते आणि शिपाई लिहीत होता, ट्रॉलीस मागील बाजूस चार परावर्तक सुस्थितीत. दुसरा पंच मिळेना. आबा म्हणाले, ‘‘हा मयताचा मेव्हणाच हाय, शिकलेला हाय. घरचाच मानूस म्हंटल्यावर कुनाची तक्रार ऱ्हायची न्हाई.’’ जमादारांनी माझ्याकडं बघितलं, घरचा माणूस आहे म्हणून आवाज मऊ केला आणि कागद पुढं केला. मी सही केली. ती सहीही मी नेहमीसारखी वळणदार केली.

त्या कागदावरून जे व्हायचं ते झालं. मयतानं वाहन भरधाव चालवून उभ्या ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली. गावानं त्यात आपली भर घातली. मिलिटरीतला माणूस, वेगाचा नाद असणारच. हेल्मेट घालून तरी काय झालं, बघितलं न्हवं? माझ्या मित्रांनी त्यानंतर कधीच हेल्मेट घातलं नाही, दाजींचंच उदाहरण द्यायचे. ज्या माणसानं आयुष्यात कधी वळणावर गाडी दामटली नाही, त्याच्या नावानं पंचक्रोशीतली पोरं वेगाच्या गोष्टी सांगू लागली.

दहाव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, इतके दिवस त्या जवळजवळ बोललेल्याच नव्हत्या. कुणीतरी पुन्हा तो वेगाचा विषय काढला. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, ‘‘माज्या लेकानं बर्फात गाडी हाकली. तितं रस्ताबी न्हाई म्हनं. मग हितं डांबरावर कसा चुकला? सांगा की कुनीतरी.’’

आण्णा जमिनीकडं बघत होते. मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. माझ्या आधी ताई बोलली.

‘‘म्याच म्हटलं लवकर या.’’

आत्याबाईंनी तिला जवळ ओढून घेतलं. दोघी रडल्या. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आता लिहू शकतो म्हणून लिहितो: मला सुटल्यासारखं वाटलं. प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, माझी गरज उरली नव्हती.

आण्णांनी थोड्या दिवसांनी तो डबा काढला. दाजींनी किती आणले होते ते त्यांना ठाऊक होतं, दोघांकडं किती गेले तेही. त्यांनी आतले उरलेले मोजले, मग माझ्याकडं बघितलं, झाकण लावलं आणि वर माळ्यावर टाकला. त्यानंतर त्यांनी ट्रॉली बांधली की रिफ्लेक्टर स्वतःच्या हातानं लावायचे. आम्ही या विषयावर एक शब्द बोललो नाही. ते गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो, तेव्हाही नाही.

आता माझं सांगलीत रेडियम आणि स्टिकरचं दुकान आहे. नंबरप्लेटांचं काम गेलं, त्या आता वरूनच छापून येतात. रस्ता सुरक्षा सप्ताहात मी उसाच्या ट्रॉल्यांना फुकट रिफ्लेक्टर लावतो. दोनदा माझा सत्कार झाला, शाल, नारळ, पेपरात फोटो. समाजाचं देणं फेडणारा माणूस, असं एक वक्ता म्हणाला. ताई पहिल्या रांगेत होती. तिनं टाळ्या वाजवल्या.

ताई परत माणात गेली नाही, त्या दोन खोल्यांतच राहिली, शिवणकाम करून राणीला शिकवलं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ‘लवकर ये’ हे शब्द कुणी ऐकलेले नाहीत. राणी शाळेतून यायची तेव्हा नाही, आण्णा शेवटच्या आजारात होते आणि डॉक्टरला आणायला मी निघालो तेव्हाही नाही. तेव्हासुद्धा दारात येऊन म्हणाली, सावकाश जा रं. तिला वाटतं तिच्या एका वाक्यानं माणूस गेला. ते वाटणं काढून टाकायचं औषध माझ्या खिशात आहे आणि मी तिला दर दिवाळीला साडी नेऊन देतो.

राणी आता शिरवळच्या एका कंपनीत आहे. मागच्या महिन्यात तिनं स्कूटी घेतली, मला दाखवायला दुकानात आली. मी मागं रेडियम चिकटवत होतो, ती पलीकडं उभी होती. म्हणाली, ‘‘मामा, खरं सांग. पप्पा लय जोरात चालवायचे का?’’

तिला ते आठवतही नाहीत. तिच्याकडं त्यांचं म्हणून आहे ते लोकांनी सांगितलेलं. मी बोट फिरवून स्टिकरखालचा बुडबुडा काढला आणि म्हणालो, ‘‘तसं काय आठवत न्हाई बाई. वय होतं त्यांचं.’’

ती मान हलवून गेली. त्या दिवसापासून मी हे लिहितोय. लिहिणं हीही एक पळवाटच आहे, ते मला कळतं. अनोळखी माणसांना सांगून टाकणं सोपं आहे, तुम्ही माझ्या दारात येऊन बसणार नाही. आत्याबाई गेल्या. त्यांचा प्रश्न माझ्यासमोर विचारलेला होता, त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं ते गेलंच. हणमंतआबा आहेत, ऐकू येत नाही त्यांना.

ताई आहे. राणी आहे. त्या दोघींना समोर बसवून, दाजी जोरात चालवत नव्हते, त्यांनी मला आधीच बजावलं होतं, मी खोटं बोललो, आणि तुझ्या लवकर या म्हणण्यानं काही झालं नाही, हे मला तोंडानं सांगायचं आहे. त्यानंतर पोलीस ठाण्यात जाऊन, पंच म्हणून केलेली माझी सही खोटी होती, असं लिहून द्यायचं आहे. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.